मादी खरंच रॅप्टर आहे का? आणि नर बेल की ट्रेंपर, कसं ओळखायचं?

निळी_घोरपड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

माझ्याकडे दोन लेपर्ड गेको (पाळायच्या ठिपकेदार पाली) आहेत, एक मादी एक नर, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले आणि अजून वेगळेच ठेवलेत. मादी देणाऱ्याने रॅप्टर (लाल डोळ्यांचा एक अल्बिनो प्रकार) म्हणून दिली. अंगाने पिवळी, पाठीवर नारिंगी झाक आहे, पण पाठीवर आणि डोक्यावर तपकिरी ठिपके पण आहेत, काळा रंग मात्र शोधून सापडत नाही. उजवा डोळा अख्खा गडद, त्यात बाहुलीची चीर दिसतच नाही, साध्या उजेडात काळा वाटतो आणि बाजूने उजेड आला की डाळिंबी. डावा डोळा मात्र अर्धवट आहे, नाकाकडची बाजू तशीच गडद आणि मागची बाजू चंदेरी-राखाडी, तिथे चिरेची कड दिसते. नाकाचा शेंडा आणि पुढच्या पायांची बोटं पांढरट आहेत.

नर नुसता "अल्बिनो" म्हणून मिळाला, कुठला अल्बिनो विचारलं तर उत्तर आलं "बेल असावा" (बेल, ट्रेंपर हे अल्बिनोचेच प्रकार). हे "असावा" ऐकलं आणि मनात पाल चुकचुकली. तो फिकट पिवळा, पट्टे जांभळट-तपकिरी, डोळे गुलाबीसर आणि त्यात लाल शिरांचं जाळं एकदम स्पष्ट. डोळ्यात चीर नेहमीसारखी आहे.

आता एकजण म्हणतो की ही रॅप्टर नाहीच, साधी स्नेक आय आहे, दुसरा म्हणतो जोडी लावून टाक पिल्लांवरून आपोआप कळेल. नक्की खरं काय धरायचं? आणि मादी उजेडात डोळे बारीक करते, कधी कधी मिटूनच घेते, हे अल्बिनो असल्यामुळे की डोळ्यात काही बिघाड आहे? फोटो जोडलेत, फ्लॅश मारून काढलेत त्यामुळे रंग जरा वेगळे आले असतील.

संध्याचर

आधी ते फ्लॅशचे फोटो बाजूला ठेवा ताई. फ्लॅश मारला की आतला पडदा चमकतो आणि कुठल्याही गेकोचा डोळा लालभडक दिसू शकतो, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नको, मागे पांढरा कागद, आणि डोळ्याचा बाजूने क्लोजअप. डोळा गडद असेल तर छोट्या टॉर्चचा मंद उजेड क्षणभर बाजूने दाखवायचा, समोरून डोळ्यात मारायचा नाही, तेवढ्यात डाळिंबी आहे की काळा ते कळतं. तुम्ही वर्णन नीट केलंय म्हणून फोटो न बघताही बोलता येतंय.

तर दोन गोष्टी वेगळ्या करा, लोक इथेच गोंधळ घालतात. अल्बिनो हा एक जीन आणि डोळ्याचा एक्लिप्स हा वेगळा जीन. अल्बिनोमुळे काळं रंगद्रव्य नीट तयार होत नाही, म्हणून काळ्याच्या जागी तपकिरी, जांभळट, गुलाबी असं काहीतरी दिसतं. लेपर्डमधले अल्बिनो पांढरेफटक नसतात, तपकिरी रंग त्यांच्यात येतोच, त्यामुळे "ठिपके आहेत म्हणजे अल्बिनो नाही" हे चूक. बघायचं ते ठिपक्याचा रंग. एक जरी ठिपका खरोखर काळा असेल तर अल्बिनो नाही. तुमच्या दोघांतही काळा नाही, म्हणजे दोघं अल्बिनो हे मान्य.

एक्लिप्स मात्र बुबुळावर काम करतो. नेहमीच्या डोळ्यात राखाडी बुबुळ, बारीक शिरा आणि मध्ये उभी चीर असते, चिरेच्या कडा सरळ नसून नागमोडी असतात. एक्लिप्समध्ये बुबुळ अख्खं भरून जातं आणि चीर वेगळी दिसत नाही. अल्बिनो नसेल तर असा डोळा काळाभोर, अल्बिनो असेल तर डाळिंबी. तो पूर्ण भरलाच पाहिजे असं काही नाही, अर्धा भरला की त्याला स्नेक आय म्हणतात. तुमच्या मादीचा एक डोळा पूर्ण आणि एक अर्धा, हे एक्लिप्समध्ये सर्रास दिसतं. नाकाचा शेंडा आणि बोटं पांढरी असणं हे पण त्याच बाजूने जातं. म्हणजे "रॅप्टर नाही, स्नेक आय आहे" हा वादच मुळात चुकीचा, स्नेक आय हा एक्लिप्सचाच अर्धवट अवतार आहे. अर्ध्या डोळ्याचा गेको अर्धा जीन देतो असं काही नसतं, पिल्लांना द्यायला त्याच्याकडे पूर्ण एक्लिप्सच आहे. काहींचे डोळे लहानपणी पूर्ण भरलेले असतात आणि वय वाढतं तसे थोडे उघडतात, पिल्लू घेताना लोकांना हे कुणी सांगत नाही आणि मग वर्षाने भांडणं होतात.

आता रॅप्टर म्हणाल तर दुसऱ्याच कारणासाठी शंका आहे. ते नाव म्हणजे रेड आय अल्बिनो पॅटर्नलेस ट्रेंपर ऑरेंज, यातला प्रत्येक शब्द लागू व्हायला हवा. पॅटर्नलेस म्हणजे पाठ स्वच्छ. तुमच्या मादीला पाठीवर ठिपके आहेत, मग ती काटेकोरपणे रॅप्टर नाही, ट्रेंपर अल्बिनो एक्लिप्स म्हणा, नावात तेवढा रुबाब नाही पण खरं आहे. बाजारात लाल डोळ्याच्या कुठल्याही अल्बिनोला रॅप्टर म्हणायची पद्धत पडलीय, त्याला इलाज नाही.

आणि हो, यातला "ट्रेंपर" पण तुम्ही देणाऱ्याच्या शब्दावरच धरलाय हे लक्षात ठेवा.

टोकदार_शेपूट

फोटोवरून अल्बिनोची लाइन, म्हणजे मूळ वंश, ओळखता येत नाही. वंशावळ असेल तर ओळख, नसेल तर "अल्बिनो, लाइन अज्ञात". बाकी सगळा अंदाज.

मंद_उजेड

टोकदारराव तुमचं तत्त्व बरोबर आहे पण इतकं तोडून टाकलं तर नवीन माणसाला काय कळणार. अंदाज असतो, फक्त त्याला अंदाज म्हणायचं.

निळी_घोरपड, अल्बिनोच्या तीन लाइन आहेत आणि तिन्ही स्वतंत्रपणे सापडल्यात. सगळ्यात आधीची ट्रेंपर, 1996 ची, रॉन ट्रेंपर यांच्या नावावरून. नंतर टिम रेनवॉटर यांची, तिला रेनवॉटर किंवा लास वेगास म्हणतात, आणि मार्क बेल यांची ती बेल. तिन्ही रिसेसिव्ह, म्हणजे आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून मिळाला तरच दिसणार.

दिसण्यातला फरक सहसा असा की बेलचा डोळा तिघांत फिका, गुलाबीकडे झुकणारा आणि शिरा लालभडक, ट्रेंपरचं बुबुळ चंदेरी-राखाडी आणि त्यात लालसर शिरा, रेनवॉटरचा डोळा जरा गडद. रेनवॉटरचं अंग पण फिकं, गुलाबीसर असतं. या हिशोबाने तुमचा नर बेलकडे झुकतो, मादीच्या डाव्या डोळ्याचा जो भाग उघडा आहे तो चंदेरी म्हणताय म्हणजे ती ट्रेंपरकडे. पण एक्लिप्स असलेल्या डोळ्यावरून लाइन सांगायची म्हणजे पुसलेल्या पाटीवरची अक्षरं वाचायची, शिल्लक काय दिसतंय त्यावर भरवसा किती ठेवणार.

अंगाच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. अंडी कमी तापमानाला उबवली की पिल्लं जास्त तपकिरी निघतात आणि जास्त तापमानाला उजळ, एकाच आईबापाची असली तरी. वर गंमत अशी की याच तापमानावर लिंग पण ठरतं, साधारण 26 डिग्रीला जवळजवळ सगळ्या माद्या, 32 च्या आसपास बहुतेक नर, आणि 34 च्या आसपास गेलं की परत माद्या. म्हणजे कमी तापमानाला उबवलेली मादी तपकिरी दिसली तर त्यात लाइनचा काही संबंध नसेल, ती फक्त थंड पेटीत वाढलेली असेल. "गडद आहे म्हणजे ट्रेंपर" असं सांगणारे लोक हे विसरतात.

निळी_घोरपड

बापरे, एवढं असतं यात! संध्याचर, खिडकीजवळ परत फोटो काढले. उजवा डोळा टॉर्चने डाळिंबीच आहे. डाव्यात उघड्या भागात राखाडी बुबुळ आणि दोन-तीन लालसर शिरा आहेत. कुठेतरी असंही वाचलं की सुपर स्नोचे डोळे पण असेच भरलेले असतात, मग ही सुपर स्नो असू शकते का? आणि मग जोडी लावली तर पिल्लांवरून कळेल हे म्हणणं कितपत खरं?

संध्याचर

सुपर स्नो नाही. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, सुपर स्नोचे डोळे एक्लिप्सशिवायच भरलेले असतात, म्हणून "डोळा भरलेला म्हणजे एक्लिप्स" हा नियम डोळे झाकून लावायचा नाही. पण सुपर स्नोमध्ये पिवळा रंग जवळजवळ नसतोच, पांढरं अंग आणि ठिपके. तुमची पिवळी-नारिंगी आहे, प्रश्नच मिटला. ब्लिझर्ड नावाच्या प्रकारात पण कधी कधी भरलेले डोळे येतात पण तो अख्खा एकरंगी असतो, ठिपके नसतात. मार्बल आय आणि नॉयर देझिर नावाचे डोळ्याचे आणखी दोन वेगळे जीन आहेत, क्वचित दिसतात, आणि देणाऱ्याकडे ते असते तर त्याने नक्की सांगितलं असतं, असली गोष्ट कुणी लपवत नाही.

जोडीचं मंद_उजेड सांगतील, हिशोबात ते माझ्यापेक्षा पक्के आहेत.

मंद_उजेड

सांगतो, आणि इथे जरा थांबून वाचा कारण सगळा घोळ इथेच होतो.

तिन्ही अल्बिनो एकमेकांशी जुळत नाहीत. ट्रेंपरला बेल लावलं तर पिल्लं अल्बिनो निघत नाहीत, चक्क काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची नेहमीची पिल्लं निघतात, कारण ट्रेंपरचा जीन एकाच बाजूने आला आणि बेलचा पण एकाच बाजूने. दोन्हींसाठी हेट, म्हणजे जीनची एकच प्रत पोटात, दिसायला नॉर्मल. त्यामुळे "जोडी लाव, कळेल" यात अर्धं सत्य आहे. तुमच्या जोडीतून एक जरी पिल्लू काळ्या पट्ट्यांचं आलं तर दोघांची लाइन वेगळी हे सिद्ध, कारण एकाच लाइनच्या दोन अल्बिनोंना नॉर्मल पिल्लू होऊच शकत नाही. पण कोण कुठल्या लाइनचा ते मात्र कळलं नाही! आणि समजा सगळी पिल्लं अल्बिनो निघाली, तर दोघं एकाच लाइनचे असणार इतकंच, ती लाइन ट्रेंपर की बेल की रेनवॉटर हे परत अधांतरीच. दोन अनोळखी एकमेकांची ओळख देऊ शकत नाहीत. टेस्ट करायची तर एका बाजूला ज्याची लाइन पक्की माहीत आहे असाच गेको हवा.

पुढची भानगड अजून मोठी. समजा ती नॉर्मल दिसणारी पिल्लं कुणाकडे गेली, त्याने त्यांचीच आपापसात जोडी लावली. 16 पिल्लांमागे सरासरी 9 नॉर्मल दिसणार, 3 ट्रेंपर, 3 बेल आणि 1 दोन्ही एकदम. म्हणजे 7 अल्बिनो, आणि त्यांतलं कुठलं काय ते नजरेने कळणार नाही. ज्या 3 ला आपण नुसता ट्रेंपर म्हणू त्यांतल्याही सरासरी 2 जणांच्या पोटात बेल लपलेला असणार. आता यातलं एखादं पिल्लू "ट्रेंपर" नावाने पुढे गेलं, तिथून पुढे, झालं, चार पिढ्यांनी एखाद्याच्या ट्रेंपर-ट्रेंपर जोडीतून अल्बिनो तर येतात पण डोळे कसले आणि रंग कसला हे कुणालाच उलगडत नाही. म्हणून लोक लाइन मिसळण्यावर इतके चिडतात, नुसता सोवळेपणा नाही तो.

एक्लिप्सचं उलट आहे, तो तिन्ही लाइनमध्ये तोच जीन. ट्रेंपरबरोबर आला की रॅप्टरच्या घराण्यातला, बेलबरोबर आला की रडार, रेनवॉटरबरोबर टायफून. आता गंमत बघा, रॅप्टर आणि रडार एकत्र आणले तर पिल्लं अल्बिनो नाहीत पण एक्लिप्स सगळी, म्हणजे लाल डोळ्यांच्या आईबापाला काळ्याभोर डोळ्यांची पिल्लं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं अंडी बदलली.

अजून एक, मादी आधीच्या ठिकाणी नराबरोबर होती का ते विचारून घ्या. माद्या शुक्राणू साठवून ठेवतात, एका मेळानंतर बऱ्याच वेळा दोन-दोन अंडी घालू शकतात. तुम्ही तुमच्या नराचं पिल्लू समजून निष्कर्ष काढाल आणि बाप भलताच असेल.

टोकदार_शेपूट

मी दोन ओळींत जे म्हणालो तेच हे. पण हिशोब छान मांडलाय, हे मान्य.

एक जोडतो. "66 टक्के हेट" असं काही ऐकलंत तर तो गेको 66 टक्के अल्बिनो नाही. दोन हेटच्या जोडीतून आलेलं नॉर्मल दिसणारं पिल्लू हेट असण्याची शक्यता तेवढी, इतकाच अर्थ. ते असेल किंवा नसेल. यावर जास्तीचे पैसे देऊ नका.

वाळूतला_डोळा

सगळे जेनेटिक्सवर तुटून पडले, पण डोळे मिटण्याचं कुणी उत्तरच दिलं नाही, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

अल्बिनोला उजेड सहन होत नाही हे खरं. बुबुळात रंगद्रव्य कमी, त्यामुळे जास्त उजेड आत जातो. भर उजेडात दोन्ही डोळे सारखेच बारीक करणं आणि संध्याकाळी मंद उजेडात टक्क उघडे ठेवणं, हे त्यांच्यासाठी नेहमीचं. तसं असेल तर टँकवरचा प्रखर दिवा काढा, उजेड मंद करा, एकाऐवजी दोन-तीन लपायच्या जागा द्या, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, म्हणजे उजेडापासून पळायला तिला ऊब सोडावी लागणार नाही. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा द्यायचाच असेल तर अल्बिनोसाठी अगदी सौम्य आणि सावली भरपूर.

पण अंधारातही मिटत असेल, किंवा एकच डोळा मिटत असेल, तर ते अल्बिनोवर ढकलू नका. लेपर्डला पापण्या असतात, भिंतीवरच्या पालीसारखा उघडा डोळा नसतो, आणि कात टाकताना पापणीखाली कातीचा बारीक तुकडा अडकून राहतो. तो दिवसेंदिवस तिथे राहिला की सूज, पांढरट घट्ट पू, मग डोळा उघडतच नाही. वाळूचा कण, अ जीवनसत्त्वाची कमतरता, याने पण असंच दिसतं. कात टाकायच्या दिवसांत ओलसर मॉस घातलेली डबी ठेवा. अडकलेलं काही दिसलं तर चिमट्याने ओढायचं नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

आणि एक विचारतो, ती किड्यावर झेप घेताना चुकते का? डोकं तिरकं धरते, गोल गोल फिरते, वर बघत राहते असं काही? एनिग्मा नावाचा एक मॉर्फ (रंगरूपाचा प्रकार) आहे, त्यात डोळे पण वेगळे दिसतात आणि तोल जाण्याचा मज्जातंतूंचा त्रास त्या जीनबरोबरच येतो. तो एकाच पालकाकडून आला तरी दिसतो. तसं काही असेल तर ब्रीडिंगचा विचार सोडूनच द्या, बाकी सगळी चर्चा मागे राहिली.

निळी_घोरपड

नाही नाही, डोकं वगैरे सरळ आहे, झेप पण बरोबर बसते, संध्याकाळी तर माझ्या बोटावरच नेम धरते. दोन्ही डोळे सारखेच मिटते, तेही दिवा लावल्यावरच. पण तुम्ही म्हणालात म्हणून नीट बघितलं तर डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या कडेला पांढरी बारीक रेघ आहे, आत्तापर्यंत मी ती पांढऱ्या नाकासारखीच खूण समजत होते.

वाळूतला_डोळा

ती खूण नसावी, कात असावी. डब्यात कोमट पाण्याने ओलसर केलेला कपडा पसरा, त्यावर तिला थोडा वेळ बसू द्या, झाकणाला भोकं असू देत. बऱ्याचदा ती स्वतःच घासून काढते. दोन-तीन दिवसांत गेली नाही किंवा डोळा फुगीर वाटला तर डॉक्टर. आणि दिवा आजच बदला.

संध्याचर

माझ्याकडून शेवटचं, नराबद्दल. देणाऱ्याला "कुठला अल्बिनो" असं न विचारता "याचे आईबाप कुठून घेतले" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक उत्तर बनवून देतात, दुसऱ्याला बहुतेक वेळा खरं सांगतात. तिथून मागे जात कुणी पक्कं नाव सांगणारा भेटला तर उत्तम. नाही भेटला तर जोडी लावू नका, दोघं मस्त जगतील, वीस वर्षं काढणारे लेपर्ड आहेत. पिल्लं हवीच असतील तर मादीसाठी वंशावळ माहीत असलेला ट्रेंपर नर बघा, तेव्हा निदान एक बाजू पक्की असेल. पिल्लं सगळी अल्बिनो आली तर मादी ट्रेंपर, हा निकाल मग खरा. नॉर्मल आली तर ती दोन लाइनची हेट आहेत असं लिहून द्या आणि पुढे जोडी लावणार नाही अशा माणसालाच द्या.

निळी_घोरपड

दिवा काढला, ओल्या कपड्यावर बसवली, रेघ निघाली! अगदी केसाएवढी पट्टी होती. नराच्या आधीच्या मालकाला मेसेज टाकलाय, आईबाप कुठले असं विचारलंय, तर तो म्हणतो आई त्याच्याकडे अजून आहे आणि ती "बहुतेक रेनवॉटर".

टोकदार_शेपूट

आईचे डोळे खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय. आणि "बहुतेक" कुणाकडून ऐकलं ते विचारा त्याला.